सोफा स्कोअर रोज काढल्यास सेप्सिसचे प्रकार ओळखता येतात काय?

प्रश्न : वैद्यकीय अधिकारी, खानापूर तालुका

नमस्कार. भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे तापाचे रुग्ण वाढतात. त्यांत लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि न्यूमोनिया असे सगळेच असतात, आणि काही रुग्ण पाहता पाहता सेप्सिसमध्ये जातात, म्हणजे संसर्गामुळे त्यांचे अवयव निकामी होऊ लागतात. २०१६ च्या व्याख्येनुसार, संसर्ग असताना सोफा स्कोअर (सहा अवयवसंस्थांचा बिघाड मोजणारा आकडा) मूळ पातळीपेक्षा २ किंवा अधिक गुणांनी वाढला की आम्ही सेप्सिस धरतो. मात्र दाखल करताना काढलेला तो आकडा केसपेपरवर तसाच राहतो. तो रोज काढल्यास सेप्सिसचा प्रकार कळेल काय, आणि रुग्णाला बेळगावला केव्हा हलवावे हे त्यावरून ठरवता येईल काय?

उत्तर १ : अतिदक्षता विभागातील डॉक्टर, बेळगाव

रोज काढावाच, पण नुसती बेरीज लिहून भागत नाही. समजा, एका रुग्णाचे प्लेटलेट ९०,०००, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन २.१ आणि यकृताचे काम दाखवणारे बिलिरुबिन ३.५ आहे; प्रत्येकी २ याप्रमाणे ६ गुण झाले. शेजारच्या खाटेवर न्यूमोनियाचा रुग्ण बायपॅपवर (मास्कमधून श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर) आहे. रक्तातील ऑक्सिजनचे दिलेल्या ऑक्सिजनशी गुणोत्तर १८० असल्याने त्याला ३, सरासरी रक्तदाब ७० च्या खाली असल्याने १ आणि शुद्धी मोजणारे ग्लासगो स्केल ११ असल्याने २, म्हणजे त्याचेही ६ गुण. आकडा एकच, पण आजाराचे रूप अगदी निराळे. म्हणून फुप्फुस, रक्त, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड या सहाही रकान्यांचे गुण वेगवेगळे लिहून ठेवावेत.

प्रकारांविषयी दोन दिशांनी काम झाले आहे. २०१९ साली अमेरिकेतील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा असे चार गट मांडले गेले. पण ते रुग्णालयात आल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांच्या माहितीवर आधारलेले आहेत. पुढे २०२२ मध्ये पहिल्या ७२ तासांतील सोफाचा चढउतार पाहून लवकर सुधारणारे, उशिरा सुधारणारे, झपाट्याने खालावणारे आणि उशिरा खालावणारे असे गट पाडण्यात आले. आपल्याला उपयोगी पडणारी दिशा ही दुसरी. सुरुवातीचा आकडा कितीही असो, पहिल्या ४८ तासांत तो चढत गेला तर निम्मे किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावतात, हे २००१ च्या अभ्यासातही दिसले होते.

उत्तर २ : परिचारिका, निपाणी

डॉक्टरांच्या म्हणण्याला एक जोड देते. ड्युटी बदलताना लघवीचे मोजमाप नीट झाले नाही, तर मूत्रपिंडाचा रकाना खोटा पडतो. चोवीस तासांत ५०० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर क्रिएटिनिन काहीही असो, तेथे किमान ३ गुण द्यावे लागतात. रात्री पिशवी रिकामी करणाऱ्याने आकडा लिहिला नाही, की सकाळी चढउतार कशावरून ठरवायचा? नातेवाईक कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत सांगतात, तेव्हा ‘काल ओळखत होता, आज ओळखत नाही’ असे कोणी म्हटले तर तेही वेळेसह लिहावे. धमनीतील रक्ताच्या तपासणीची सोय नसेल तेथे ऑक्सिमीटरचा आकडा आणि दिलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण सोबत लिहिले, तर फुप्फुसाचा अंदाज तरी येतो.

उत्तर ३ : औषधवैद्यकशास्त्राचे अध्यापक, बेळगाव

या गटांचा मोह धरताना एक अडचण ध्यानात ठेवावी. शोधनिबंधातला पहिला दिवस हा रुग्णालयात दाखल झाल्याचा दिवस असतो. जांबोटी किंवा कणकुंबीकडच्या वाड्यावस्त्यांवरील रुग्ण गावात चार-पाच दिवस औषधे घेऊन मग येत असेल, तर त्याचा पहिला दिवस आजाराच्या मध्यावर पडतो. शिवाय झोपेच्या औषधाने ग्लासगो उतरतो, डायलिसिसने क्रिएटिनिन उतरते, आणि तेव्हा बदलतो तो आजार नसून आपला उपचार असतो. या गटांवरून औषध निवडावे इतका पुरावा आज नाही. शॉक असेल तर प्रतिजैविक तासाभरात गेलेच पाहिजे, आणि अंगावर स्क्रब टायफसची काळी खपली दिसली तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासाठी कोणत्याही आलेखाची वाट पाहू नये.

प्रश्नकर्ते :

आभारी आहे. सहा रकान्यांचा तक्ता उद्यापासून केसपेपरला जोडतो. दुसऱ्या दिवशी बेरीज तीच राहिली, पण मूत्रपिंडाचे गुण उतरून फुप्फुसाचे चढले, तर हलवावे काय?

उत्तर १ :

हलवावे. बेरीज स्थिर आहे म्हणून थांबू नये. फुप्फुसाचा रकाना चढू लागला की व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी फोन करून, ऑक्सिजनसह आणि तक्त्याची प्रत सोबत देऊन रुग्णाला त्याच दिवशी पाठवावे.