पितळी पेंडंट लाइट बनवून घ्यायचेत, वर्कशॉपवाल्याशी बोलणी कशी करावी?

पितळी_शेड
नमस्कार मंडळी, मी नागपुरात इंटिरिअरची कामं करते. रामदासपेठेतल्या एका रेस्टॉरंटसाठी पेंडंट लाइट (छतावरून टांगायचा दिवा) स्वतः डिझाइन केलाय, पितळेचा डोम, व्यास 340 मिमी, उंची 210, खालचं तोंड जरासं आत वळलेलं, आतून पांढरा. 18 नग पाहिजेत. मुरादाबादचा रेडीमेड माल मिळतो, पण क्लायंटला हाच आकार आवडलाय. हिंगणा एमआयडीसीत स्पिनिंगवाले (लेथवर पत्रा फिरवून आकार देणारे) एक काका मिळाले, हात मस्त आहे, पण त्यांनी आजवर हॉटेलची भांडी अन् पंख्याच्या वाट्याच केल्या, लाइट कधी नाही. "ड्रॉइंग द्या, करून देतो" एवढंच म्हणून राहिले आणि फर्म्याचे (ज्यावर पत्रा चढवतात त्या साच्याचे) पैसे वेगळे मागताहेत. तर ड्रॉइंगमधे नेमकं काय काय द्यायचं, फर्मा शेवटी कोणाचा, आणि वायरिंग पण त्यांच्याचकडून करून घ्यायचं का?

लेथवाला_भाऊ
ताई, आमचं घरचंच स्पिनिंगचं काम आहे, म्हणून जरा लांबवर लिहितो. ते "तोंड आत वळलेलं" आहे ना, तिथंच सगळी गंमत आहे. पत्रा लेथवर फिरत असतो अन् कारागीर तो दाबत दाबत फर्म्यावर चढवतो, आता तोंड आत गेलं तर आतला फर्मा बाहेर निघणार कसा? मग तुकड्या-तुकड्यांचा फर्मा करावा लागतो अन् खर्च एकदम चढतो. चार-पाच मिमीच आत पाहिजे असेल तर शेवटी कड गोल वळवून तसा लुक आणता येतो, वरून कडेला मजबुती येते ती वेगळी. हे काकांसोबत बसून आत्ताच ठरवा, क्लायंटला थ्रीडी फायनल म्हणून दाखवायच्या आधी.

पत्रा 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिमी घेतला तर खांद्यावर ताणून आणखी पातळ होतो, हात लावला की पोचा. मी तर 18 गेजच घ्या म्हणीन (गेज कमी म्हणजे पत्रा जाड), वजन वाढतं पण चालते. अन् पितळ दाबलं की कडक होतं, मधे तापवून नरम केल्याशिवाय पुढचा हात मारता येत नाही, म्हणून "उद्या द्या, परवा द्या" करून काकांच्या मागे लागू नका, घाईत कडेला चिरा जातात.

ड्रॉइंगमधे सगळीकडे अर्ध्या मिमीची अट टाकून काही फायदा नाही, हाताच्या कामात एक मिमी इकडेतिकडे होणारच. होल्डरचं भोक आणि खालचा व्यास, हे दोनच पक्के धरा. बाकी गोलाईसाठी प्लायवर उलटा आकार कापून द्या, काका तो नगाला लावून बघतील, कागदापेक्षा ते बरं. 18 नगांना लाकडी फर्मा पुरतो, पुढे शेकड्यांनी करायचे असतील तरच लोखंडी. पैसे तुम्ही दिले की फर्मा तुमचा, पण बिलात त्याची ओळ वेगळी लिहून घ्या, नाहीतर वर्षभराने सगळेच विसरतात.

साईटवरचा_आर्किटेक्ट
वरचं सगळं बरोबर. माझी भर फिनिशची, कारण भांडणं आकारावरून कमी अन् रंगावरून जास्त होतात. अँटिक फिनिश (जुन्या पितळेसारखा रंग) केमिकलने येतो, आज केलेला अन् आठ दिवसांनी केलेला एकसारखा येईलच असं नाही. माझ्या एका कामात अर्धे नग चॉकलेटी अन् अर्धे हिरवट आले होते आणि ते ओळीनेच टांगायचे होते! म्हणून 18 च्या 18 एकाच दिवशी एकाच हाताने करून घ्या, वर दोन जास्तीचे. सँपल दोन बनवा, दोन्हीवर सही, एक काकांकडे एक तुमच्याकडे. उरलेले पैसे सँपलशी जुळवल्यावरच. आतला पांढरा पावडर कोट (पावडरचा रंग) आधी भट्टीत भाजून घ्या, साधारण 180-200 डिग्री लागते, पॉलिश अन् लॅकर (वरचा पारदर्शक थर) त्यानंतर. उलटं केलं तर लॅकर गेलाच समजा.

अर्थिंग_आहे_का
वायरिंग काकांकडून नको, भांड्यावाल्याला त्यात पडायचं कारण नाही. धातूची बॉडी आहे म्हणजे अर्थिंगची वायर पाहिजेच, अन् वायर जिथून आत जाते त्या भोकात रबरी बुश, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. वजन वायरवर टांगू नका, वेगळी स्टीलची दोरी घ्या. आयएस 10322 या भारतीय मानकामधे टांगत्या लाइटची टेस्ट आहे, लाइटच्या वजनाच्या चारपट वजन तासभर लटकवून बघायचं, ती एका नगावर तुमच्या समोरच करून घ्या, खालीच लोकं जेवणार आहेत.

दुसरं म्हणजे आपला मे महिना. फॉल्स सीलिंगच्या वर किती तापते ते चढून बघा एकदा! ड्रायव्हरमधला (एलईडीला वीज पुरवणारी डबी) कपॅसिटर दर 10 डिग्रीला जवळपास अर्ध्या आयुष्याने मरतो. त्यामुळे मी तरी ई27 (पेचाचा) होल्डर अन् बदलता येणारा बल्ब घेईन, 2700 के म्हणजे पिवळसर उजेड, सीआरआय 90 म्हणजे रंग खरे दिसतात, पितळेला तोच शोभतो. डोमच्या मानेजवळ बारीक भोकं ठेवा, वर साचलेली गरमी निघून जाते. ड्रायव्हर घ्यायचाच झाला तर त्यावर बीआयएसचा (मानक ब्युरोचा) आर- वाला नंबर छापलेला बघा.

पितळी_शेड
बाप रे, केवढं मिळालं! कड वळवायचं उद्याच काकांशी बोलते. आणखी एक, हाच डोम त्यांनी दुसऱ्या कोणाला बनवून दिला तर? माणूस सज्जन आहे, पण शेजारच्या शेडमधे सगळे येऊन-जाऊन असतात.

लेथवाला_भाऊ
फर्मा घरी घेऊन जा ना ताई, संपला विषय :)

साईटवरचा_आर्किटेक्ट
फर्मा नेला तरी नग बघून दुसरा फर्मा बनतोच. डिझाइन रजिस्टर करा, 2000 च्या डिझाइन कायद्यात 10 वर्षं संरक्षण मिळतं, वर 5 वाढवता येतात. पण अर्ज व्हायच्या आधी फोटो इन्स्टावर गेला तर नवेपण गेलं, मग नोंदणी अडते. रजिस्टर केलं नाही आणि 50 च्या वर नग निघाले तर कॉपीराइट पण उरत नाही. 18 नगांचंच काम असेल तर एवढं कशाला म्हणा, पण हा डोम पुढे विकायचा विचार असेल तर सँपलचा फोटो क्लायंटलाही पाठवू नका, बोलावून दाखवा. अर्ज ऑनलाइन होतो.