हनीसकलचं झुडूप जोमात वाढतंय, पण फुलं का येत नाहीत?

पानोपानी
मंडळी, मदत हवी आहे. कुंपणाला लागून माझं हनीसकल आहे. वेल नाही, झुडूप. लावून चार वर्षं झाली, आता माझ्या खांद्याला लागतं. पानं समोरासमोर जोडीने, वरून हिरवी, खालून जरा निळसर. थंडी कितीही पडो, बर्फाने फांद्या जमिनीला टेकोत, वसंत आला की पुन्हा भराभर फुटतं. फक्त फुलत नाही.

दर हिवाळ्याच्या शेवटी मी त्याला छान गोल छाटते. मग हिरवळीला घालते तेच खत त्यालाही घालते. सहा तास ऊन मिळतं. गेल्या वसंतात मोजून अकरा गुलाबी फुलं आली, तीही कुंपणाच्या फळ्यांमागे अडकलेल्या एकाच फांदीवर. आता पुन्हा कात्री काढायची वेळ आली, म्हणून आधी विचारते.

हे रोप आईने तिच्या झुडपाची काडी लावून करून दिलं होतं. ती आता नाही. तेव्हा उपटून दुसरं लावा, असं कृपया सांगू नका.

जून फांदी
पानोपानी ताई, उपटायचं काही कारणच नाही. कात्री आधी खाली ठेवा.

कुंपणामागच्या त्या फांदीपर्यंत तुमची कात्री पोचली नव्हती, म्हणून ती फुलली. वर्णनावरून हे तातारी हनीसकल, लोनिसेरा तातारिका वाटतंय. याची फुलं वसंताच्या उत्तरार्धात येतात, आणि गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काड्यांवरच्या डोळ्यांतून येतात. तुम्ही हिवाळ्यात गोल आकार देता तेव्हा नेमक्या त्याच काड्या टोकाकडून जातात. उरतं ते जुनं लाकूड. त्यातून पानं भरपूर फुटतात, बहर मात्र येत नाही.

मीही माझ्या झुडपाला सहा वर्षं असाच चेंडूचा आकार देत होतो, म्हणून हे इतक्या खात्रीने सांगतोय. ज्या वर्षी हात दुखावला आणि छाटणी राहिली, त्या वर्षी पानं दिसेनात इतकी फुलं आली.

यंदा काही कापू नका. फुलं गळली की दोन-तीन आठवड्यांत छाटणी उरका, म्हणजे नव्या फुटीला उरलेला उन्हाळा मिळतो. शेंडे मात्र कातरायचे नाहीत. खाली वाकून बुंधा बघा. सगळ्यात जाड, राखाडी, साल सुटत चाललेल्या फांद्या असतील, त्यातल्या साधारण एक तृतीयांश अगदी जमिनीलगत कापा. कापलेलं टोक बघा, आतून नळीसारखं पोकळ दिसेल. घाबरू नका, ते कीड नव्हे, या जातीची फांदी तशीच असते. तीन वर्षं असं केलंत की सगळं झुडूप नवं होतं आणि मधल्या एकाही वर्षाचा बहर बुडत नाही. एकदम सगळं जमिनीलगत कापलंत तरी ते पुन्हा फुटेल, पण मग फुलांसाठी थांबावं लागेल.

ओली माती
छाटणीचं वर आलंच आहे, मी खताचं सांगते. हिरवळीच्या खतात नत्र जास्त असतं, त्याने पानंच माजतात. ते बंद करा. वसंतात बुंध्यापासून चार बोटं लांब कुजलेल्या पानांचं आच्छादन घाला, तेवढं पुरे. आणि मुळाशी कोरडं, वर फांद्यांची गर्दी, अशी अवस्था झाली की पानांवर भुरी येते. जुन्या फांद्या काढल्यावर हवा खेळेल, तोही त्रास कमी होईल.

शेंड्याला बारीक पानांचा केरसुणीसारखा झुपका दिसला तर तो माव्याचा प्रताप. तेवढा शेंडा कापून नष्ट करा. त्याला छाटणीच्या वेळेची वाट बघू नका.

आणि घरात लहान मुलं असतील तर उन्हाळ्यात येणाऱ्या लाल फळांवर लक्ष ठेवा. दिसायला मोहक, पण पोट बिघडवतात. पक्षी खातात आणि बी लांबवर टाकतात. उत्तर अमेरिकेत हे झुडूप असंच बागांमधून जंगलात शिरलं आहे, तिथे राहत असाल तर फळं वेळीच खुडलेली बरी.

रानजाई
थोडं विषयांतर. माझ्याकडे लोनिसेरा फ्रॅग्रँटिसिमा आहे, हिवाळ्याच्या अखेरीस जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर फुलणारं. फुलं पांढरट, लहान, पण वास असा की दार उघडलं की आधी तो आत येतो. नियम तोच, बहर संपल्यावर छाटणी. आपल्याकडे मधुमालती म्हटलं की कुणी हनीसकल समजतं, कुणी रंगून वेल. माहिती शोधताना लॅटिन नावाने शोधा.

पानोपानी
आत्ताच बॅटरी घेऊन बघून आले. कुंपणामागच्या फांदीवर प्रत्येक पेराला दोन बाजूंना दोन टपोरे डोळे आहेत. बाकी झुडपाच्या काड्या अर्ध्यावर कापलेल्या, त्यावर माझ्याच कात्रीच्या खुणा. चार वर्षं मीच बहर कापून टाकत होते, वाईट वाटलं. बुंध्याशी तेरा फांद्या मोजल्या, चार जाडजूड आहेत. फुलं गळेपर्यंत हात लावणार नाही.

एक विचारू? याचीच काडी लावून बहिणीला रोप करून द्यायचं आहे. जमेल?

जून फांदी
नक्की जमेल, आणि आत्ताच, डोळे फुटायच्या आत. गेल्या वर्षीची पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या, वीतभर लांब. खालचा काप पेराच्या लगेच खाली, सरळ. वरचा तिरका, म्हणजे उलटी लागणार नाही. दोन तृतीयांश मातीत पुरा, माती ओलसर ठेवा. चार-पाच काड्या लावा, सगळ्याच जगत नाहीत. वसंतात पानं फुटली म्हणून उपटून बघू नका, मुळं मागून येतात. पुढची पानगळ झाली की मग हलवा.