मदत हवी आहे: कोल्हापूरहून मालवण-देवबाग एका दिवसात कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी, डिसेंबरात एका रविवारी पहाटे निघून राधानगरी, फोंडा घाट, कणकवली करत मालवण गाठायचं आणि रात्री परत, मुक्काम नाही कारण सोमवारी सगळ्यांना कामावर हजर व्हायचंय. सोबत आई, बायको, पोरगी आणि मेव्हणा, जो रंकाळ्याच्या काठावर पण कठडा धरून उभा राहतो पण स्कुबा करणारच म्हणून हटून बसलाय.

आईसाठी होडीनं सिंधुदुर्ग किल्ला, शिवराजेश्वराचं मंदिर आणि महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, हे फिक्स. पण तिचे गुडघे दुखतात, होडीत चढ-उतार जमेल का? मग किल्ल्याजवळच स्कुबा-स्नॉर्केलिंग उरकावं का थेट देवबागला जाऊन पॅरासेलिंग, जेटस्की? देवबागजवळचं त्सुनामी आयलंड, म्हणजे खाडीतलं वाळूचं बेट, ओहोटीलाच नीट वर येतं म्हणे, म्हणजे भरती-ओहोटी बघूनच सगळा प्लॅन फिरवावा लागणार ना?

अजून एक, पोहता न येणाऱ्याला आणि चष्मेवाल्याला स्कुबात कितपत दिसतं, जमतं? आणि पोटभर नाश्ता करून पाण्यात उतरलं तर मळमळतं का, कारण आमचा हा मेव्हणा मिसळ हाणल्याशिवाय गाडीत बसत नाही. पॅकेज आधी बुक करावं का तिथं घासाघीस करून स्वस्त पडतं? सुरमई थाळी कुठं चांगली मिळते ते पण सांगा, सोलकढी घट्ट पाहिजे.