लिहायला बसले की मनातला आवाज टोमणे मारतो. मग स्वतःच्या भाषेत लिहायचे कसे?

उन्हाळकांदा (प्रश्न)

नमस्कार. गेल्या काही वर्षांपासून मी लिहिण्याचा प्रयत्न करते आहे. माझी अडचण लेखनतंत्राची आहे की मनाची, हेच ठरवता येत नसल्यामुळे इथे विचारते आहे.

माझे माहेर बागलाण तालुक्यातले, घरची बोली अहिराणी, आणि आठवीपासूनचे शिक्षण नाशिकमधल्या एका शाळेत, वसतिगृहात राहून झाले. सध्या मी इथल्याच एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. मला लिहायचे आहे ते आमच्या कांदाचाळीवर. उन्हाळ कांदा चाळीत भरल्यापासून भाव येईपर्यंत सड आणि कोंब यांच्याशी घरातल्या बायकांची पावसाळाभर जी झुंज चालते, ती मी जवळून पाहिली आहे, आणि त्या बायकांत माझी आजी होती.

पण पहिले वाक्य कागदावर येण्याआधीच मनात कोणीतरी बोलू लागते. ‘तुला कोणी विचारले आहे?’, ‘हे गावंढळ वाटेल’, ‘दोन बुके शिकली म्हणून लेखिका झालीस का?’ हा आवाज लिहिणे थांबवतो एवढेच असते तर मी समजून घेतले असते. तो लिहिलेलेही बदलायला लावतो. बायका निवडताना गोल्टी वेगळी काढतात, जोड कांदा वेगळा टाकतात. मी ‘गोल्टी’ लिहिते, मग खोडून ‘लहान आकाराचे कांदे’ लिहिते, आणि शेवटी परिच्छेद असा होतो की तो कृषी खात्याच्या माहितीपत्रकात सहज खपून जावा. एका मैत्रिणीने वाचून सांगितले, ‘चांगले आहे, पण यात तू कुठे आहेस?’

आरशासमोर उभे राहून ‘मी उत्तम लेखिका आहे’ असे म्हणण्याचा उपाय मी करून पाहिला. म्हणताना मला माझेच हसू आले आणि नंतर अधिकच वाईट वाटले. आवाजाकडे दुर्लक्ष करायचे ठरवले की तो मोठा होतो. शिवाय एक शंका आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच मुख्य आहे: हा आवाज खरेच बोलत असेल तर? माझे लेखन सामान्य असू शकते. मग टोमणा कोणता आणि प्रामाणिक परीक्षण कोणते, हे ओळखायचे कसे?

प्रभातफेरी

आपण हा उपाय फार लवकर सोडलात असे मला वाटते. सकाळी उठल्यावर स्वतःशी चार चांगली वाक्ये बोलण्याचा परिपाठ मी दीर्घकाळ पाळतो आहे आणि कार्यालयातल्या बैठकांत बोलताना त्याचा मला निश्चित उपयोग होतो. मनाला जे सांगावे ते ते ऐकते, सातत्य ठेवा.

मनमोकळे

मी व्यवसायाने समुपदेशक आहे आणि गंगापूर रोड परिसरात काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

प्रभातफेरी यांना उपयोग होतो हे मी नाकारत नाही. पण मूळ प्रश्नकर्तीला जे वाटले तेही अपेक्षितच आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये नेमके हेच तपासले होते. ज्यांच्या मनात स्वतःविषयी मुळात बरे मत होते, त्यांना अशी वाक्ये म्हटल्यावर किंचित बरे वाटले. ज्यांचे स्वतःविषयीचे मत खालावलेले होते, त्यांची मनःस्थिती ती वाक्ये म्हटल्यानंतर आणखी बिघडली. कारण उघड आहे. जे वाक्य आपल्याला पटत नाही ते मोठ्याने म्हटले की मन लगेच त्याच्या विरोधातले पुरावे गोळा करू लागते. दुर्लक्षाचेही तसेच. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते, आणि ते अस्वल त्यांच्या मनातून जाईना.

तेव्हा या आवाजाची स्तुतीने समजूत घालू नका आणि त्याला दाबूही नका. त्याचे म्हणणे लिहून घ्या. अ‍ॅरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 1960 च्या दशकात लक्षात आले की नैराश्यग्रस्त रुग्णांच्या मनात काही वाक्ये इतक्या झटकन येऊन जातात की ती वाक्ये आहेत हेच त्यांना कळत नाही, फक्त त्यांमागून येणारे दुःख कळते. त्यातून जी उपचारपद्धती उभी राहिली, तिच्यात अशी वाक्ये जशीच्या तशी कागदावर उतरवणे हे मूलभूत काम मानले जाते. ‘मला न्यूनगंड आहे’ असे सारांशाने लिहू नका. ‘दोन बुके शिकली म्हणून’ हे शब्दच लिहा, आणि शेजारच्या रकान्यात त्या वाक्याच्या बाजूने आणि विरोधात काय पुरावा आहे ते, हिशेब तपासता तितक्याच कोरडेपणाने नोंदवा. हे काम तुम्हाला जमेल, कारण ते तुमच्या रोजच्या कामाच्या जवळचे आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. टोमणा आणि परीक्षण यांतला फरक सौम्य-कठोर असा नसतो. अतिशय कठोर परीक्षणही उपयोगी असू शकते. मी विचारते ते असे: हे वाक्य लेखनाबद्दल आहे की माणसाबद्दल? ते कुठल्या ओळीकडे बोट दाखवते का? आणि ते मान्य केले तर उद्या सकाळी काही दुरुस्त करता येईल का? ‘दुसऱ्या परिच्छेदात आजी दिसत नाही’ हे कितीही झोंबले तरी परीक्षण आहे. ‘तुला कोणी विचारले आहे’ या वाक्याचे काय करायचे? त्यात दुरुस्त करण्याजोगे काहीच नाही, म्हणून त्याला उत्तर देत बसण्याचेही कारण नाही. लेखन सामान्य आहे की नाही हा प्रश्न रास्त आहे, पण तो लिहून झालेल्या पानांबद्दलच विचारता येतो, आणि तुमचा आवाज तर पान लिहिण्याआधीच निकाल देतो आहे.

आणखी एक निरीक्षण करून पाहा. लहान मूल खेळताना मोठ्याने स्वतःशी बोलते आणि पुढे तेच बोलणे आत जाते, अशी मांडणी रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी केली होती. म्हणजे आपले आतले बोलणे मुळात इतरांशी झालेल्या बोलण्यातूनच घडते. तेव्हा तुमचा हा आवाज कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणाच्या ढंगात बोलतो, याकडे लक्ष द्या. इथे उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

एक आवश्यक सूचना, जी मी प्रत्येक वेळी देते: हा आवाज लेखनापुरता न राहता झोप, जेवण, कामावर जाणे यांवर परिणाम करू लागला असेल, किंवा जगण्याबद्दलच वाईट बोलू लागला असेल, तर वहीवर विसंबू नका. शासनाची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

टाकळीकर

मनमोकळे यांच्या प्रतिसादात एक भर घालतो. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले की भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी ‘मी’ असे न बोलता स्वतःचे नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून बोलणाऱ्यांना तुलनेने कमी घालमेल होते आणि त्यांचे बोलणेही सरस होते. आमच्या टाकळीला समर्थ रामदासांच्या तपश्चर्येचे स्थान आहे, त्यामुळे मला हे वाचून फारसे नवल वाटले नाही. मनाच्या श्लोकांची सगळी रचना मनाला समोर बसवून केलेली आहे, आणि त्याला पहिली हाक ‘सज्जना’ अशी आहे. पुढे कानउघाडणी भरपूर आहे, ती सोडलेली नाही. पण ज्याची कानउघाडणी करायची त्याला आधी सज्जन म्हटले आहे. आध्यात्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी स्वतःशी कोणत्या सुरात बोलावे याचा हा नमुना मला वापरण्याजोगा वाटतो. (विषयांतर वाटल्यास क्षमस्व.)

मुद्रितशोधक

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे लेखन तपासत आलो, त्यामुळे मनाबद्दल बोलण्याचा अधिकार माझा नाही. ‘गोल्टी’बद्दल मात्र बोलतो.

आपण ‘गोल्टी’ खोडून ‘लहान आकाराचे कांदे’ लिहिलेत तेव्हा भाषा शुद्ध झाली नाही, माहिती कमी झाली. गोल्टी हा बाजारातला प्रतवारीचा शब्द आहे. त्या शब्दामागे निराळा ढीग, निराळा भाव आणि तो ढीग निवडणारे हात आहेत. ‘लहान आकाराचे कांदे’ म्हटल्यावर ते सर्व जाते आणि केवळ आकार उरतो. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे इथल्या बाजार समित्यांत जो शब्द दिवसभर मोठ्याने उच्चारला जातो, तो छापील पानावर गावंढळ कसा ठरतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. शुद्धलेखनाचे नियम शब्द कसा लिहावा ते सांगतात. कोणता शब्द लिहावा हे ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणीही दिलेला नाही. आमच्या व्यवसायातल्या काहींनी तो परस्पर घेतला, हे मात्र खरे.

आता कोणीतरी बहिणाबाई चौधरींचे नाव घेईल, म्हणून आधीच सांगतो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या, आणि त्यांचा संग्रह 1951 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. खानदेशातली बोली मराठी साहित्यात मानाने वावरू शकते याचा तो पुरावा आहे, एवढेच त्यातून घ्यावे. त्याला मापदंड केलेत तर तुमच्या मनातल्या त्या गृहस्थाला आणखी एक वाक्य मिळेल: ‘तू काय बहिणाबाई आहेस का?’

सगळेच अहिराणीत लिहिले म्हणजे आपला आवाज सापडला, असेही समजू नये. आपण नाशिकमध्ये वाढलात, हिशेब करता, प्रमाण मराठीत विचार करता. तीही आपलीच भाषा आहे. ‘यात तू कुठे आहेस’ असे मैत्रिणीने विचारले, तेव्हा तिला बहुधा बोली हवी नव्हती, चाळीत उभे राहून पाहणारी व्यक्ती हवी होती. आजी बोलेल तेव्हा अहिराणीत बोलू द्या, निवेदन आपण ज्या मराठीत आत्ता हा प्रश्न लिहिलात त्याच मराठीत करा. खरे सांगायचे तर आपल्या प्रश्नातला गोल्टी आणि माहितीपत्रकाचा परिच्छेद मला आवडला, कारण तिथे आपण कोणाला प्रभावित करण्याचा प्रयत्न करत नव्हता.

उन्हाळकांदा

सर्वांचे आभार. मनमोकळे यांनी सांगितल्याप्रमाणे त्या आवाजाची वाक्ये वहीत उतरवत गेले, आणि जे निघाले ते मी समजत होते तितके सरळ नव्हते. बहुतेक वाक्ये प्रमाण मराठीत होती आणि त्यांचा सूर वसतिगृहातल्या मुलींचा आणि शाळेतल्या एका बाईंचा होता. माझे ‘ण’ आणि ‘ळ’ ऐकून ज्या वर्गात हशा व्हायचा, तो वर्ग त्या वाक्यांत जसाच्या तसा होता. तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर सारा दोष शहरावर टाकून मोकळी झाले असते. पण दोन वाक्ये अहिराणीत निघाली, आणि ती घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची होती: मुलीच्या जातीने फार बोलू नये, आणि घरातले दारापलीकडे सांगू नये. म्हणजे घरच्या बोलीत शिरले की हा आवाज मागे राहील, ही माझी समजूत खरी नाही.

एक वाक्य मात्र परीक्षणाच्या रकान्यात गेले: ‘आजीबद्दल लिहिते म्हणतेस आणि पानभर स्वतःबद्दलच लिहितेस.’ ते दुखले, पण त्याला ओळ दाखवता आली, आणि ती ओळ मी कापली. आता सुरुवात अशी आहे: ‘आजी गोल्टी उजवीकडे टाकायची आणि जोड कांदा मागे, न बघता, बोलणे चालू असायचे ते भावाचे.’

टाकळीकर, मनाला सज्जन म्हणणे मला अजून जमत नाही. सध्या नाव घेऊन बोलते, तेवढे पुरते आहे. मुद्रितशोधक यांना एक विचारायचे आहे: गोल्टी, डेंगळे असे शब्द मुंबई-पुण्याच्या वाचकाला कळले नाहीत तर तळटीप द्यावी का? की ही शंकाही त्या आवाजाचीच आहे?

मुद्रितशोधक

ही शंका संपादकाची आहे, तिला घाबरू नका. तळटीप देऊ नये. आपल्या वाक्यात गोल्टी उजवीकडे आणि जोड कांदा मागे गेला, तेवढ्यावरून वाचकाला कळते की ही निवड चालली आहे; भावाचा उल्लेख पुढे आला की उरलेले कळेल. जिथे वाक्यातून अर्थ लागतच नाही तिथे शब्द न बदलता वाक्य बदलावे. ‘बोलणे चालू असायचे ते भावाचे’ यातला ‘ते’ राहू द्या, कोणी काढायला सांगितला तरी.

पाने पूर्ण झाली की इथे टाका किंवा मला खासगी निरोपातून पाठवा. सोबत ‘जमले नसेल तर समजून घ्यावे’ अशा अर्थाचे पत्र जोडू नका, आणि दोन ओळींत पुरेशी जागा सोडा. मी अजून छापून घेऊन पेन्सिलीनेच खुणा करतो.