५ प्राइम यूटीआर म्हणतो कॉक्सॅकी ए१६, व्हीपी१ म्हणतो ए६. रिपोर्टवर काय लिहायचं?

गोंधळलेला_पिपेट

हात-पाय-तोंडाच्या पुरळाच्या नमुन्यांचं टायपिंग सुरू आहे. घशाचा स्वॅब आणि फोडातलं पाणी, दोन्ही पॅन-एन्टरोव्हायरस (सगळे एन्टरोव्हायरस पकडणाऱ्या) आरटी-पीसीआरला पॉझिटिव्ह. ५ प्राइम यूटीआरचा (जीनोमच्या सुरुवातीचा, प्रथिन न बनवणारा भाग) तुकडा सिक्वेन्स करून ब्लास्टला (सिक्वेन्स जुळवून बघणारं साधन) टाकला की सगळ्यात वर कॉक्सॅकी ए१६ येतो, त्याखाली ईव्ही-ए७१ (एन्टरोव्हायरस ए७१), आणि मध्येच एखादा एकोव्हायरससुद्धा डोकावतो. टक्केवारीत फरक जेमतेम एक-दोनचा. त्याच नमुन्याचा व्हीपी१ चा (विषाणूच्या कवचातलं एक प्रथिन) साधारण ३५० बेसचा तुकडा मात्र सरळ कॉक्सॅकी ए६ शी जुळतो, ९६ टक्के.

कुणाचं ऐकायचं? दुसरं म्हणजे नावांचा घोळ. जुन्या पुस्तकात ‘ह्यूमन एन्टरोव्हायरस ए’, मधल्या पेपरांत ‘एन्टरोव्हायरस ए’, आणि आता आयसीटीव्हीच्या (विषाणूंचं वर्गीकरण ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती) यादीत ‘एन्टरोव्हायरस अल्फाकॉक्सॅकी’. आणि कॉक्सॅकी ए९ हा बी गटात, ए२४ हा सी गटात, हे कसं काय?

---

व्हीपी_एक

व्हीपी१ चं ऐका. ५ प्राइम यूटीआर ‘एन्टरोव्हायरस आहे की नाही’ एवढंच सांगतो, कोणता ते त्याला विचारूच नये.

कारण जीनोममध्येच आहे. पिकॉर्नाव्हायरसचा आरएनए एकेरी, पॉझिटिव्ह, एन्टरोव्हायरसात सुमारे ७४०० बेसचा. सुरुवातीला टोपीऐवजी व्हीपीजी नावाचं छोटं प्रथिन चिकटलेलं, शेवटाला पॉली-ए शेपूट. पहिले साधारण ७४० बेस प्रथिन बनवत नाहीत. तिथे आयआरईएस ही घडीदार रचना असते आणि रायबोसोम त्या घडीलाच येऊन बसतो. घडी बिघडली तर विषाणू संपला, म्हणून हा भाग फार बदलत नाही. पॅन-एन्टरोव्हायरस प्राइमर इथे बसवतात ते त्यामुळेच, आणि टायपिंगला तो निरुपयोगी ठरतो तोही त्यामुळेच. शिवाय ५ प्राइम यूटीआरच्या झाडात ए आणि बी जाती (तुम्ही ज्यांना गट म्हणता त्या) एका फांदीवर येतात, सी आणि डी दुसऱ्या. तुमच्या यादीत एको डोकावला त्याचं हेच कारण, कारण एकोव्हायरस बी जातीतले आहेत.

पुढे एकच लांब पॉलीप्रोटीन. त्यातल्या पी१ भागातून व्हीपी४, व्हीपी२, व्हीपी३, व्हीपी१ ही कवचाची चार प्रथिनं निघतात, प्रत्येकाच्या ६० प्रती, एकूण कवच सुमारे ३० नॅनोमीटरचं. पी२ आणि पी३ मधून प्रोटिएज, पॉलिमरेज वगैरे यंत्रसामग्री. अँटिबॉडी जिथे चिकटतात त्या महत्त्वाच्या जागा व्हीपी१ वर आहेत, त्यामुळे जुना सीरोटाइप आणि व्हीपी१ चा सिक्वेन्स यांचं छान जमतं.

नेहमीचा निकष असा: पूर्ण व्हीपी१ न्यूक्लिओटाइड पातळीवर ७५ टक्क्यांच्या वर जुळला तर तोच प्रकार, ७० च्या खाली गेला तर वेगळा, आणि मधल्या पट्ट्यात असेल तर अमिनो आम्लं बघून ठरवायचं. ऱ्हायनोव्हायरसांना हा निकष लावू नका, त्यांच्या मर्यादा वेगळ्या आणि बऱ्याच कडक आहेत. तुमचे ९६ टक्के म्हणजे शंकेला जागा नाही.

आणखी एक सापळा: ३डी पॉलिमरेजचा (जीनोमच्या मागच्या टोकाचा) तुकडा सिक्वेन्स करून प्रकार ठरवणारे लोक आहेत. एकाच जातीतले एन्टरोव्हायरस आपसात रिकॉम्बिनेशन करतात. पी१ ए६ चा, मागचा भाग ए-जातीतल्याच दुसऱ्या कुणाचा, असं सर्रास सापडतं. मागच्या भागावरून नाव दिलं की नाव चुकतं.

---

जुनी_वही

नावांच्या घोळाबद्दल.

१९४८ मध्ये डॉलडॉर्फ आणि सिकल्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी गावातल्या मुलांच्या विष्ठेतून हे विषाणू नवजात उंदरांत टोचून वेगळे केले. पुढे वर्गवारी झाली ती उंदराला काय होतं त्यावर. स्नायू सर्वत्र सुजून उंदीर लुळा पडला तर ए, ताठ लकवा आणि मेंदू-चरबीत बिघाड दिसला तर बी. पेशींत वाढतात पण उंदराला काही करत नाहीत ते एको. म्हणजे ए-बी हा उंदराचा निकाल होता. आजच्या जाती जीनोमवरून ठरतात. ए९ चा जीनोम बी जातीत बसतो, ए२४ चा पोलिओच्या शेजारी सी जातीत. अक्षर तेच राहिलं, अर्थ बदलला.

क्रमांकांत खड्डे आहेत ते घाईत पाहून ‘यादी अपुरी आहे’ असं समजू नका. कॉक्सॅकी ए२३ हा एको ९ निघाला. एको १० रिओव्हायरस निघाला, एको २८ ऱ्हायनोव्हायरस १ए. एको २२ आणि २३ तर वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) गेले, ते आता पॅरेकोव्हायरस १ आणि २. एन्टरोव्हायरस ७२ म्हणजे आपली हिपॅटायटिस ए, तिलाही हेपॅटोव्हायरस ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. उलट ऱ्हायनोव्हायरस ८७ म्हणून ठेवलेला नमुना ईव्ही-डी६८ निघाला. ६८ पासून पुढे सापडलेल्यांना कॉक्सॅकी-एको म्हणायचं सोडून ‘एन्टरोव्हायरस’ आणि क्रमांक एवढंच दिलं, नंतर मध्ये जातीचं अक्षर आलं: ईव्ही-ए७१, ईव्ही-डी७०.

आता पायऱ्या. इथे प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. गण पिकॉर्नाव्हायरेल्स, कुल पिकॉर्नाव्हिरिडी, उपकुल एन्साव्हिरिनी, प्रजाती एन्टरोव्हायरस, जाती एन्टरोव्हायरस अल्फाकॉक्सॅकी, आणि त्याखाली प्रकार कॉक्सॅकीव्हायरस ए६. आयसीटीव्हीचा अधिकार जातीपाशी संपतो, प्रकारांची नावं पिकॉर्नाव्हायरस अभ्यासगट सांभाळतो. दोन शब्दांची जातीनावं अलीकडची आहेत: ए जाती अल्फाकॉक्सॅकी, बी जाती बीटाकॉक्सॅकी, सी जाती कॉक्सॅकीपोल, डी जाती डीकन्जंक्टी. ऱ्हायनोव्हायरस ए, बी, सी हे अनुक्रमे अल्फाऱ्हायनो, बीटाऱ्हायनो, सीऱ्हायनो, आणि ते तिन्ही एन्टरोव्हायरस प्रजातीतच आहेत, त्यांची वेगळी प्रजाती केव्हाच मोडली.

रिपोर्टवर प्रकार लिहा: ‘कॉक्सॅकीव्हायरस ए६’. वाटल्यास खाली जाती. डॉक्टरांना ‘अल्फाकॉक्सॅकी’ एवढंच पाठवलं तर त्यांच्या हातात काही पडत नाही, कारण ईव्ही-ए७१ सुद्धा त्याच जातीत आहे आणि मेंदूला इजा करण्याच्या बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

---

गोंधळलेला_पिपेट

दोघांचेही आभार. आता पुढची अडचण. काही नमुन्यांत व्हीपी१ च्या क्रोमॅटोग्राममध्ये (सिक्वेन्सिंगच्या आलेखात) जागोजागी दुहेरी शिखरं आहेत. आरडी पेशींवर (विषाणू वाढवायच्या पेशी) टाकलं तर पाच दिवसांत काहीच नाही. आणि सेप्सिससारखं चित्र असलेल्या एका दोन आठवड्यांच्या बाळाचं पाठीतलं पाणी पॅन-एन्टरोव्हायरसला निगेटिव्ह आलंय. बालरोगतज्ज्ञ मात्र विषाणूच आहे म्हणतात.

---

रात्रपाळी_लॅब

उलट्या क्रमाने सांगतो.

बाळ आधी. पॅरेकोव्हायरस बघा, आजच. एन्टरोव्हायरसचे ५ प्राइम यूटीआर प्राइमर पॅरेकोला पकडत नाहीत, त्याला वेगळी आरटी-पीसीआर लागते. तीन महिन्यांखालच्या बाळांत पॅरेकोव्हायरस ३ अगदी असंच करतो: ताप, चिडचिड, लालसर अंग, सेप्सिसचा संशय. पाठीतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा वाढलेल्याच नसतात, त्यामुळे ‘पेशी नॉर्मल, मग पीसीआर कशाला’ म्हणून नमुना बाजूला पडतो. तसं करू नका. जोडीला विष्ठा आणि घशाचा स्वॅबही घ्या. पॅरेको हा पिकॉर्नाच, पण त्याच्यात व्हीपी०चे व्हीपी४ आणि व्हीपी२ असे तुकडे होत नाहीत, कवचात तीनच प्रथिनं राहतात. आयची विषाणूच्या कोबूव्हायरस प्रजातीतही तसंच.

आरडी पेशी. पाच दिवस कमी आहेत. पाच दिवसांनी काही दिसलं नाही तर गोठवून-वितळवून ताज्या नळीत दुसरा पॅसेज द्या आणि आणखी पाच दिवस बघा. तरी वाढेलच असं नाही. ए जातीतले बरेच कॉक्सॅकी पेशींत नखरे करतात, ए६ त्यातलाच. पीसीआर पॉझिटिव्ह आणि कल्चर निगेटिव्ह हा विरोधाभास मानू नका.

विष्ठेचा नमुना असेल तर तयारीत कंजुषी नको. पोलिओ प्रयोगशाळांची पद्धत अशी: १० मिली पीबीएस (मिठाचं बफर द्रावण), १ ग्रॅम काचमणी, १ मिली क्लोरोफॉर्म, साधारण २ ग्रॅम विष्ठा. झाकण घट्ट लावून २० मिनिटं जोरात हलवायचं, मग १५०० जी वर २० मिनिटं थंड सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी घ्यायचं. क्लोरोफॉर्मने जीवाणू आणि चरबीचं आवरण असलेले विषाणू मरतात, पिकॉर्नाला आवरणच नसल्याने तो तसाच राहतो. नळ्या क्लोरोफॉर्म सहन करणाऱ्या घ्या. पॉलिस्टायरीन विरघळतं आणि सगळं सेंट्रिफ्यूजमध्ये सांडतं.

दुहेरी शिखरं. आधी ठरवा, संपूर्ण तुकडाभर आहेत की फक्त सुरुवातीला. सुरुवातीच्या ३०-४० बेसचा कचरा प्राइमरचा असतो, तो कापून टाका. संपूर्ण तुकडाभर असतील तर दोन शक्यता: खरोखर दोन प्रकार एकत्र आहेत, किंवा नेस्टेड (दोन फेऱ्यांच्या) पीसीआरमध्ये दूषण. पहिली खरी असेल तर क्लोनिंग किंवा एनजीएस (मिश्रणातले तुकडे सुटे वाचणारं सिक्वेन्सिंग). दुसरी जास्त वेळा आढळते. पहिल्या फेरीची नळी उघडली की लाखो प्रती हवेत, म्हणून दुसऱ्या फेरीची भर वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटने. पहिल्या फेरीचा निगेटिव्ह कंट्रोल दुसऱ्या फेरीतही न्यायलाच हवा, नुसतं नवं पाणी ठेवून चालत नाही. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून सध्या साथीत नसलेला प्रकार वापरा, म्हणजे दूषण नावानिशी सापडतं.

कोडहॉप पद्धत (व्हीपी१ ची दोन फेऱ्यांची पीसीआर) वापरत असाल तर पहिल्या फेरीत प्राइमर २२४ आणि २२२, दुसरीत एएन८९ आणि एएन८८, तुकडा ३५० ते ४०० बेसचा. पहिल्या फेरीत अॅनिलिंग (प्राइमर चिकटणं) ४२ अंशांवर असतं आणि तिथून ६० पर्यंत मशीन सावकाश चढवायचं, सेकंदाला ०.४ अंश. नवीन वेगवान मशीनवर हा चढ विसरला की प्राइमर सुटतात आणि पट्टाच येत नाही. ‘प्राइमर खराब’ म्हणून नवे मागवण्याआधी रॅम्प तपासा.

सिक्वेन्स आला की प्रथिनात भाषांतर करून बघा. मध्येच स्टॉप कोडॉन आला तर बेस कॉलिंग चुकलंय. मग नेदरलँड्सच्या आरआयव्हीएम संस्थेच्या एन्टरोव्हायरस टायपिंग टूलमध्ये टाका. ब्लास्टमध्ये लोकांनी चुकीच्या नावाने जमा केलेले सिक्वेन्सही वर येतात.

---

सी_जाती

एक भर, कारण कुणी बोललं नाही. कोडहॉप प्राइमर सी जातीही पकडतात, म्हणजे एखाद्या दिवशी विष्ठेत ‘पोलिओव्हायरस’ असं नाव येऊ शकतं. घाबरण्याआधी मुलाचं लसीकरण बघा. आपल्याकडे तोंडावाटे द्यायची लस २०१६ पासून १ आणि ३ या दोन प्रकारांची आहे, जन्मताच, मग ६, १०, १४ आठवड्यांना आणि दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर. डोस दिल्यावर काही आठवडे लसीचा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतोच. त्यामुळे सेबिन (लसीतला विषाणू) १ किंवा ३ सापडणं हे अपेक्षित आहे.

पण ३५० बेसच्या तुकड्यावरून ‘लसीचा’ असा शिक्का मारू नका. लसीपासून बदललेला विषाणू ठरवायला पूर्ण व्हीपी१, म्हणजे सुमारे ९०० बेस लागतात. सेबिनच्या तुलनेत प्रकार १ आणि ३ मध्ये १० किंवा जास्त फरक, प्रकार २ मध्ये ६ किंवा जास्त. पोलिओचा व्हीपी१ वर्षाला साधारण एक टक्का बदलतो, म्हणजे दहा फरक म्हणजे वर्षभराचा प्रवास झाला.

प्रकार २ सापडला तर गोष्टच वेगळी. रानटी प्रकार २ शेवटचा १९९९ मध्ये अलीगढमध्ये आढळला आणि २०१५ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. तोंडावाटे लसीतूनही तो काढला आहे, सुईच्या लसीत फक्त मेलेला विषाणू. म्हणून तो दिसला की नमुना पेशींवर वाढवायचा नाही, वाटून द्यायचा नाही, कुलूपबंद करून लगेच कळवायचं. मुंबईत परळला एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं, ते आता एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) मुंबई युनिट आहे आणि पोलिओची विशेष प्रयोगशाळा तिथेच. जपून ठेवलेल्या जुन्या विष्ठेच्या नमुन्यांनाही हा नियम लागू आहे, हे अनेक कॉलेजांना माहीतच नसतं.

---

दोन_मुलांची_आई

मध्येच विचारते. केरळमध्ये २०२२ ला ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून गाजलं ते हेच का? आणि सॅनिटायझर पुरतो का?

---

जुनी_वही

हेच. कोल्लमकडून बातमी आली, फोड लाल आणि मोठे म्हणून टोमॅटो. फ्लूशी काही नातं नाही. केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन मुलांच्या नमुन्यांत कॉक्सॅकी ए१६ सापडला होता. ए६ झाला तर पुरळ कोपर-गुडघे-ढुंगणापर्यंत पसरतं आणि महिना-दोन महिन्यांनी नखं सुटून येतात. ती परत उगवतात, औषध लागत नाही.

सॅनिटायझरवर विसंबू नका. आवरण नसलेल्या विषाणूंवर अल्कोहोल कमी पडतं. साबण-पाण्याने वीस सेकंद चोळून हात धुवा, डायपर बदलल्यावर तर नक्कीच, कारण बरं झाल्यावरही कित्येक आठवडे विष्ठेतून विषाणू जातो. खेळणी आणि फरशीला ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, दहा मिनिटं ठेवून मग पाण्याने पुसायचं.

---

रात्रपाळी_लॅब

आणि साध्या पुरळासाठी टायपिंग करून घेऊ नका, उपचारात काही बदलत नाही. मूल दचकून उठतंय, झोपेत अंग झटकतंय, चालताना तोल जातोय, उलट्या थांबत नाहीत किंवा ताप ३९ च्या वर तीन दिवस टिकलाय, तर पीसीआरची वाट न बघता दवाखाना गाठा. ईव्ही-ए७१ ची भीती तिथे आहे, आणि टायपिंगची गरजही तिथेच.