वेणी तीन वर्षं तिथेच थांबलीय. केस वाढवायला रोजची काळजी कशी घ्यावी?

बोरबाभूळ

नमस्कार. मी लातूरची, वय 36, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. स्कूटीवर जाऊन-येऊन रोज 22 किलोमीटर. लग्नाआधी माझी वेणी कमरेखाली जायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर केस पुष्कळ गळाले, मग पुन्हा आले. पण आता तीन वर्षं झाली, वेणी ब्लाउजच्या पाठीवरच्या गाठीपाशी येते आणि थांबते. शेंडा उंदराच्या शेपटीसारखा झालाय, फाटे फुटलेत.

कांद्याचा रस दोन महिने लावला. बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत. आठवड्यातून तीनदा शाम्पू, आदल्या रात्री खोबरेल. पाणी बोअरचं, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. सव्वानऊला निघायचं असतं म्हणून केस ओलेच विंचरते आणि घट्ट बांधते. दीड वर्षापूर्वी भावाच्या लग्नात केस तपकिरी रंगवून घेतले होते, नंतर काही लावलं नाही. पार्लरवाली म्हणते दर महिन्याला इंचभर कापा, म्हणजे वाढतील.

महागडं काही नको. रोजची दहा मिनिटं आणि रविवारचा एक तास मी नक्की देईन. मला कमरेपर्यंत केस हवेत, फार मनापासून हवेत.

पागोळी

मी मालवणजवळची, वय 61. केस अजून मांडीपर्यंत आहेत. सांगण्याआधी दोन गोष्टी बघून कळवाल का? एक, शिंप्याच्या टेपने मोजा, भांगापासून तो तपकिरी रंग कुठे सुरू होतो. दोन, उद्या विंचरल्यावर फणीत आलेले केस पांढऱ्या कागदावर पसरा. अख्खे किती, तुकडे किती, आणि एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असलेले किती.

बोरबाभूळ

मोजलं, टेप मुलीने धरला. रंग 20 सेंटिमीटरवर सुरू होतो. कागदावर 31 केस निघाले. ठिपका 9 केसांना. बाकीचे 22 तुकडे, बहुतेक बोटाएवढे आणि जवळपास सगळे तपकिरी.

पागोळी

म्हणजे तुमचे केस छान वाढताहेत. दीड वर्षात 20 सेंटिमीटर, महिन्याला सेंटिमीटरच्या जरा वर. बहुतेकांचे एवढेच वाढतात, माझेही. मुळाकडून जवळजवळ एक वीत आली आणि वेणी मात्र जागेवरच, याचा अर्थ खालून तेवढीच तुटून गेली. ठिपकेवाले केस मुळातून गळालेले. तसे दिवसाला पन्नास-शंभर कुणाचेही जातात, त्यांची काळजी करू नका. ते 22 तुकडे आपल्याला वाचवायचे आहेत. रस मुळाला लावून शेंडा कसा वाचेल?

शेंड्याचं वय धरून बघा. कमरेपर्यंतचा केस 70 सेंटिमीटर धरला, तर त्याचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं. आठवड्यातून दोनदा न्हायलात तरी त्याला पाचशेवर वेळा पाणी लागलेलं. घरातली जुनी इरकल आपण पिळत नाही, दगडावर आपटत नाही. शेंड्याला तसंच जपायचं.

म्हणून पहिलं काम, ओले केस विंचरणं बंद. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. सकाळी घाई असेल तर न्हाणं संध्याकाळवर न्या, शाळेतून आल्यावर. आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदा पुरे. न्हाण्याआधी तासभर लांबीला खोबरेल लावा, मग गुंता काढून सैल वेणी घाला आणि वेणीनेच न्हा. शाम्पू तांब्यात पाण्यात कालवून फक्त डोक्याला बोटांच्या पेरांनी लावायचा, खाली ओघळतो तेवढा शेंड्याला भरपूर होतो. सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळायचे नाहीत, तिथेच निम्मा गुंता होतो. मी स्वतः शिकेकाई वापरते, रिठा आणि आवळकाठी घालून रात्री भिजवते, सकाळी उकळून कुस्करते आणि जुन्या धोतराच्या कापडातून दोनदा गाळते. गाळायचा कंटाळा असेल तर शाम्पूच बरा. नुसती पूड चोळली तर तिची कणी केसात अडकते, आणि ती काढताना केस जातात.

टॉवेलने खसाखसा पुसू नका, पंचाने झोडूही नका. जुना सुती पंचा गुंडाळून दाबून पाणी टिपायचं आणि सोडून द्यायचं.

आता गुंता. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमचे 22 तुकडे बहुतेक इथेच होतात. गुंत्याच्या वरच्या बाजूला केस मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. फणी लगेच घालू नका. बोटांनी गुंता आडवा पसरवा, कडेचा एकेक केस बाजूला घ्या. नाहीच सुटला तर बोटावर खोबरेलाचा एक थेंब घेऊन त्या गुंत्यातच जिरवा आणि दुसरी बट घ्या. परत याल तेव्हा तो सैल झालेला असतो. सगळं मोकळं झालं की फणी, तीही शेंड्याच्या चार बोटं वरून खाली, मग आणखी चार बोटं वरून. तुमच्या प्लॅस्टिकच्या फणीच्या दातावरून नख फिरवून बघा. मधोमध जोडाची बारीक धार लागेल. तीच केस सोलते. मोठ्या दातांची लाकडी फणी घ्या. माझी एकच फणी गेली चौदा वर्षं चालतेय.

स्कूटीवर वेणीचा शेंडा बाहेर फडफडत ठेवू नका. 22 किलोमीटर वारा खातो तो. वेणी कुडत्याच्या आत घाला किंवा सैल अंबाडा, त्यावर मऊ ओढणी, मग हेल्मेट. रबर अजिबात नको, आगवळ लावा, म्हणजे वेणीत गुंफायची गोंड्यांची दोरी. रात्री सैल वेणी आणि उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा, सुती अभ्र्यावर केस घासले जातात.

कापण्याचा हिशोब तुम्हीच करा. इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर. महिन्याला सेंटिमीटरच्या जरा वर वाढतो तिथे अडीच कापले तर वेणी आखूडच होणार. कापल्याने मुळाला काही कळत नाही. मात्र फाटा वर चढत जातो, म्हणून आता एकदा फाटे फुटलेला भाग काढा आणि मग चार महिन्यांनी एक सेंटिमीटर. चार महिन्यांत साडेचार वाढतील, साडेतीन तुमच्याकडे राहतील.

क्षारपाणी

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, पाण्यापुरतं लिहितो. कॉइलवरचा थर मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा. तेच क्षार केसावरही बसतात, केस खरखरीत होतो, एकमेकांत अडकतो. न्हाऊन झाल्यावर शेवटी एक लिटर आरओचं पिण्याचं पाणी आणि त्यात चमचाभर व्हिनेगर असं केसांवरून ओता, मग थोडं साधं आरओचंच पाणी. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र केसांना वापरू नका, त्यात क्षार जास्त साचलेले असतात. आमच्याकडे काटकसर म्हणून बरेच जण ते वापरतात. ते फरशीला ठीक आहे. आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी मिळालं, तर पहिल्या एक-दोन सरी सोडून धरा. त्यासारखं मऊ पाणी नाही.

खोबरेलाबद्दल पागोळीताईंचं बरोबर आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना झाली होती. धुताना केसातून जाणारी प्रथिनं फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. म्हणून ते न्हाण्याआधी लावण्यात अर्थ आहे.

निशिगंध

डेंग्यू झाल्यावर अडीच महिन्यांनी माझे केस मुठीमुठीने गेले होते, सगळ्यांना मुळाशी ठिपका. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि बहुतेक वेळा केस परत येतात. माझे सहा महिन्यांत येऊ लागले. तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉईड तपासलं. फेरिटिन कमी निघालं. दोन बाळंतपणं झालेल्या बाईने हे एकदा बघावंच. बोरबाभूळ, तपासणीला जाल तेव्हा बायोटिन घेताय हे डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, ते म्हणतील तितके दिवस गोळ्या थांबवा. बायोटिनमुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

अजून एक. रोज घट्ट बांधल्याने कानशिलाजवळचे केस विरळ होतात. लवकर सैल केलं तर भरून येतात, वर्षानुवर्षं ओढलं तर येत नाहीत. भांगही अधूनमधून बाजूला सरकवा.

सातूचे_पीठ

डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर तेल मुळाला ठेवू नका. माझ्या मुलीचा कोंडा त्याने वाढला होता. कोंड्याच्या बुरशीला तेल मानवतं. तेल कानाच्या खालच्या लांबीलाच, आणि कोंड्याचा शाम्पू पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा.

बोरबाभूळ

कोंडा नाही. रक्त शनिवारी देणार आहे, लॅबला विचारून गोळ्या थांबवल्यात. शेंडा काल घरीच सहा सेंटिमीटर कापला, मुलीने टेप धरला आणि आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलने तारीख आणि लांबी लिहून ठेवली. आज संध्याकाळी तेल लावून तुम्ही सांगितल्यासारखा मुठीत धरून गुंता काढला. वीस मिनिटं लागली. कागदावर 14 केस, त्यातले तुकडे फक्त 5.

मावशी, आगवळ इथे दुकानात कुणाला माहीतच नाही. आईच्या ट्रंकेत काळ्या गोंड्यांची एक सापडली. तिला काही करावं लागतं का?

पागोळी

आधी कोमट पाण्यात भिजवून बघा, जुनी असेल तर रंग सोडेल. सावलीत वाळवा. वेणीच्या शेवटच्या चार वळणांत ती गुंफून घ्या आणि खाली शेंड्याचे तीन बोटं केस मोकळे राहू द्या. गाठ आगवळीला मारायची, केसांना नाही.