एकूण ५१ मार्क असून 'एफ' कसा? आणि ओई कुठला घ्यावा? (स्वायत्त कॉलेज, नवी मुंबई)

कळव्याची_आई
नमस्कार मंडळी. लेक नवी मुंबईतल्या एका स्वायत्त कॉलेजात बीएस्सी करतेय, मेजर केमिस्ट्री. आता एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, जाईल. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ते ओई, दुसऱ्या फॅकल्टीतलं घ्यायचंय. तिला अकाउंटिंगची ओळख करून देणारा पेपर हवाय. मैत्रिणी म्हणतात पर्यटन घे, तिथे सगळ्यांना 'ओ', म्हणजे सर्वांत वरचा ग्रेड, मिळतो, अकाउंट्समध्ये तुझा सीजीपीए झोपेल. घरात आठवडाभर हाच विषय. तिचे बाबा पर्यटनाच्या बाजूने, मी अजून काठावर. तिला पुढे एमएस्सीला बाहेर जायचंय म्हणून जास्त काळजी.

दुसरं एक. पहिल्या सेमला एका चार क्रेडिटच्या पेपरात इंटर्नल ४० पैकी १३ आणि लेखी ६० पैकी ३८ आहेत. बेरीज ५१. तरी मार्कशीटवर 'एफ'. ही छपाईची चूक असेल ना? रिव्हॅल्युएशन टाकावं का?

घणसोली_एक्सप्रेस
ताई, डोळे झाकून पर्यटन. माझ्या भावाने असाच 'शिकायला मिळेल' म्हणून अवघड पेपर घेतला आणि बसला रडत. नोकरी देणारे आकडा बघतात, पेपराचं नाव कोण वाचतंय?

खडू_डस्टर
३१ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची ६ परीक्षा विभागात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, आधी तुमचं दुसरं. तुम्ही 'दुसरं एक' म्हणून शेवटी टाकलंत, पण मोठं तेच आहे. छपाईची चूक नाही. इंटर्नल आणि लेखी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, दोन्हीकडे ४० टक्के. म्हणजे ६० पैकी २४ आणि ४० पैकी १६. लेखीत ती आरामात पास आहे. इंटर्नलला ३ कमी पडले. बेरीज ५१ काय, ७० असती तरी 'एफ'च आला असता.

रिव्हॅल्युएशनचे पैसे घालवू नका. ते लेखी उत्तरपत्रिकेचं होतं, इंटर्नलचं नाही. तिला केटी लागलीय, म्हणजे पेपर परत सोडवायचाय, तो फक्त इंटर्नलचा. लेखीचे ३८ सहसा पुढे धरले जातात, पण आपल्या कॉलेजच्या नियमपुस्तिकेत ते वाचून घ्या.

आणि मुलीला शांतपणे विचारा, १३ आले कशाचे? साधारण चाचणी, असाइनमेंट, तोंडी अशी फोड असते. इतके कमी मार्क आले की मला आधी वाटतं, पोरगं कशाला तरी गैरहजर होतं.

कळव्याची_आई
विचारलं सर. चाचणी २० ची, असाइनमेंट १० ची, प्रेझेंटेशन १० चं. शेवटच्या दोन्हींत ७ आणि ६. चाचणीला शून्य! ताप होता त्या दिवशी, मीच घरी ठेवलं होतं. मग आमच्या लेकीने परत चाचणी दिलीच नाही, 'बाकीच्यात निभेल' म्हणे. डॉक्टरांची चिठ्ठी होती, ती फ्रीजवर चुंबकाखाली तशीच. आता तिच्यावर ओरडू की स्वतःवर?

खडू_डस्टर
कुणावरच नको. चिठ्ठीची झेरॉक्स काढा. तेव्हा आठवड्याभरात अर्ज दिला असता तर बहुतेक फेरचाचणी मिळाली असती. आता केटीचा फॉर्म भरताना सोबत जोडा, उपयोग झाला तर झाला.

आता ओई. घणसोलीकर, तुमच्या भावाचं वाईट वाटलं, पण जरा हिशेब करू. सीजीपीए म्हणजे प्रत्येक पेपराचा ग्रेड पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट, सगळ्याची बेरीज भागिले एकूण क्रेडिट. ओई २ क्रेडिटचं. समजा पर्यटनात 'ओ' मिळाला, म्हणजे १०, आणि अकाउंट्समध्ये 'बी प्लस', म्हणजे ७. फरक ३, गुणिले २, झाले ६. सेमिस्टर २२ क्रेडिटची धरली तर त्या सेमचा एसजीपीए, म्हणजे त्या एका सेमची सरासरी, ०.२७ ने उतरला. तीन वर्षांच्या १३२ क्रेडिटवर पसरला की ०.०४५. एवढ्यासाठी तुमच्या घरात आठवडाभर दोन पक्ष!

उलट तो 'एफ' बघा. एफला पॉइंट शून्य, ४ क्रेडिट जमाच नाहीत, आणि आमच्याकडे तरी पेपर सुटेपर्यंत त्या सेमचा एसजीपीए लागायचाच नाही, नुसती रेघ.

वाशी_सेक्टर१७
ग्रेस मिळत नाही का? ३ मार्कांचाच प्रश्न आहे.

खडू_डस्टर
ग्रेस मागून मिळत नाही, नियमात बसलं तर निकाल लावतानाच लागतं. 'एफ' छापून आला म्हणजे ती वेळ गेली. एनएसएस, एनसीसीवाल्यांचे १० मार्क वेगळे. पूर्वी गॅझेटमध्ये मार्कांपुढे # दिसला की ओळखायचं, पोरगं एनएसएसच्या कॅम्पला जाऊन आलंय. पण हे सगळं विद्यापीठाच्या निकालांचं. स्वायत्त कॉलेजात पदवी विद्यापीठाची असली तरी परीक्षा आणि ग्रेडचे नियम कॉलेज ठरवतं. माझ्या मुलाच्या वेळी विद्यापीठाच्या तक्त्यात ८० ला 'ओ' होता, आता बऱ्याच ठिकाणी तो ९० ला आहे. म्हणून शेजारच्या कॉलेजातल्या चुलत बहिणीचा सल्ला घेऊ नये. माझाही तपासूनच घ्या.

म्युनिकचा_ठाणेकर
बाहेर जायचंय म्हणालात म्हणून लिहितो. मी नौपाड्याचा, एमएस्सी इकडे केली. जर्मनीत आपला सीजीपीए त्यांच्या मापात बदलून घेतात: कमाल गुणांतून आपले वजा, भागिले कमाल वजा पासिंग, गुणिले ३, अधिक १. त्यांच्याकडे १ सर्वांत चांगला, ४ म्हणजे जेमतेम पास. दहापैकी ८ असतील आणि पासिंग ४ असेल तर २.० येतात. सरांचे ०.०४५ कमी करून ७.९५५ धरा, येतात २.०२. बस, एवढंच.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या पेपरांचा गुणतक्ता, मात्र इकडची विद्यापीठं ओळ न् ओळ वाचतात. केमिस्ट्रीचे किती क्रेडिट, प्रॅक्टिकल किती, हे मोजतात. मला ओईबद्दल कुणी काही विचारलं नाही. आणि टक्के हवे असले तर ९.५ ने गुणू नका, तो आकडा सीबीएसईच्या दहावीचा होता. कॉलेजकडून रूपांतराचं पत्र घ्या.

घणसोली_एक्सप्रेस
०.०४५? बरं. शब्द मागे. भावाला हे दाखवत नाही पण.

ऐरोली_रात्रपाळी
एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन, कोर्स करून ओईचे क्रेडिट मिळवता येतात का बघा. मी केलाय. असाइनमेंटला २५ पैकी किमान १० आणि परीक्षेला ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्हींत वेगळे. म्हणजे ताईंच्या लेकीचा घोळ तिथेही होऊ शकतो! फक्त बारा आठवड्यांच्या कोर्सला असाइनमेंटमधल्या सर्वांत चांगल्या आठच धरतात, एखादा आठवडा तापात गेला तरी चालतं. कॉलेजची परवानगी आधी लेखी घ्या, नंतर सर्टिफिकेट नाचवून काही होत नाही.

कळव्याची_आई
सगळ्यांचे आभार. एनपीटेल आत्ता नको, आधीच ठाण्याला नऊ-दहा नंबरवरच्या गर्दीत तिचा जीव जातो. हिशेब तिच्या बाबांना कागदावर मांडून दाखवला. दोनदा गुणाकार तपासला त्यांनी, मग म्हणाले, घे तुझं अकाउंट्स.

काल कॉलेजात गेले होते. केटीच्या फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार, खिडकी दोनपर्यंतच. तिथल्या मॅडमनी चिठ्ठी बघितली आणि विचारलं, हिला इतका पिवळा डाग कसला? हळदीचा. फ्रीजवर होती ना. घेतली तरी.